लोखंडाला पाणी पाजणारं घर

नवरात्र संपली, गरब्याचे भोंगे उतरले, की आमच्या डिंडोलीतल्या गल्लीचे दात शिवशिवायला लागतात. सगळीकडून एकच आवाज येतो. खर्रर्र, खर्रर्र. कोणी फाटक खरवडतंय, कोणी खिडकीची जाळी, कोणी गॅलरीचा कठडा. दिवाळी तोंडावर आली की सुरतेची माणसं आधी लोखंडाचं तोंड धुतात, मग स्वतःचं. तो आवाज ऐकला की चिंच न खाता दात आंबतात. शेजारच्या जशुबेन सांगतात, त्यांची कवळी ग्लासात पडलेली असते, तीसुद्धा शहारते. हे मी वाढवून सांगत नाही. जशुबेन वाढवून सांगतात, मी फक्त पुढे पोचवते.

आज सकाळी तो आवाज सुरू झाला आणि मी चहा गॅसवर ठेवून अंगणात धावले. सवयच तशी. आमच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याच्या कठड्यावरून तळहात फिरवला. वरून खाली, खालून वर. मग हात उजेडात धरून पाहिला. काही नाही. ना पोपडा, ना तांबेरा, ना नखात रुतलेली कपची. चॉकलेटी रंग आपला जागच्या जागी, जावयासारखा ऐटीत बसलेला. मी असा काही सुस्कारा टाकला की समोरच्या दोरीवरचे ओले टॉवेल वाळले. आत चहा उतू गेला तो गेलाच, पण अशा सकाळी उतू गेलेला चहासुद्धा माफ असतो.

या जिन्याबद्दल आधी सांगायला हवं. तो घराच्या बाहेरून आहे, सरळ आणि जरा उभट. अंगणातून निघतो आणि गच्चीवर टेकतो. गच्चीवर एक खोली, आणि त्या खोलीत माझे सासरे, म्हणजे नाना, आणि सासूबाई, ज्यांना आम्ही खान्देशी माणसं आत्या म्हणतो. वर जायला दुसरी वाट नाही. वर नानांची तुळस, नानांचा रेडिओ, नानांची आरामखुर्ची, आणि उन्हाळ्यात आत्यांच्या कुरडया. तिथून दूरवर पलसाण्याकडची धुरांडी दिसतात असं नाना म्हणतात. मला पाण्याच्या टाक्या सोडून आजवर काही दिसलेलं नाही. पण नाना रोज सकाळी तिकडे बघून सांगतात, "आज बाफ जरा कमी शे," आणि आम्ही मान डोलावतो.

कारण त्याच पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, नानांनी जन्म काढला. ते रंगमास्तर होते. साड्यांच्या कापडाला शेड मारायची, हे त्यांचं काम. साडीचा तुकडा रस्त्याच्या पलीकडून पाहून ते सांगायचे, यात पिवळा चिमूटभर जास्त पडलाय. आमचं लग्न ठरवायला अमळनेरला माझ्या माहेरी आले, तेव्हा पहिला घास घेण्याआधी आमटीकडे पाहून म्हणाले, "हळद उशिरा घातली." माझी आई त्या धक्क्यातून अजून सावरलेली नाही.

तर रंगमास्तरांच्या धर्माचा पहिला नियम असा, की कोरड्या कापडाला रंग दाखवायचा नाही. कोरडं कापड अधाशासारखं खातं. इथे जास्त, तिथे कमी, सगळीकडे डाग. तेच आधी पाण्यात भिजवलं की शहाण्या मुलासारखं सगळ्या अंगाने सारखा रंग पितं. या नियमात काहीच चूक नाही. चूक एवढीच झाली, की नानांनी तो जिन्याला लावला.

दरसाल दिवाळीच्या आधीच्या रविवारी नाना लुंगी खोचून जिन्यासमोर उभे राहायचे. आत्या बादल्या भरून द्यायच्या. जिन्याला वरून खाली सोड्याच्या पाण्याने आंघोळ. आणि लोखंड निथळत असतानाच नाना ब्रश डब्यात बुडवायचे.

"अहो, लोखंड शे ते, लुगडं नही!" आत्या ओरडायच्या.

"पहिले पानी पाज, मंग रंग. मन्हा रंग आजपावत उतरना का?"

"साडीना नही उतरना. जिनाना दरसाल उतरस."

यावर नाना ब्रशचा एक फटकारा असा मारायचे की आत्यांच्या लुगड्यावर शिंतोडा उडायचाच. तो त्यांचा शेवटचा मुद्दा.

जुना रंग आधी खरवडून काढायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं तर त्यांना राग यायचा. त्यांच्या मते जुना रंग खरवडणं म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलणं. म्हणून रंगावर रंग, त्यावर पाणी, त्यावर पुन्हा रंग. मिलमध्ये त्या हंगामात जी शेड चालली असेल ती नाना डोळ्यांनी जुळवून ऑइलपेंटमध्ये आणायचे आणि जिन्याला फासायचे. एका दिवाळीला मेंदी, एका दिवाळीला मोरपंखी, एका दिवाळीला पिस्ता. त्यामुळे साड्यांची फॅशन काय आहे ते आमच्या जिन्यावरून कळायचं. गल्लीतल्या बायका बाजारात जाण्याआधी आमच्या फाटकाशी उभ्या राहून जिना पाहायच्या आणि मग ठरवायच्या. उधन्याहून एक बाई रिक्षा करून आली होती, असं मी सगळ्यांना सांगते. रिक्षा केली नव्हती, चालत आली होती. आणि उधन्याहून नव्हे, मागच्या गल्लीतून.

मी या घरात आले ती दिवाळीनंतर, राणी रंगाच्या साली. गुलाबीला चढलेला माज म्हणजे राणी रंग. दारात माप ओलांडलं, आणि मग वरच्या खोलीत देवाला नमस्कार करायला म्हणून आत्यांनी मला जिन्यावर चढवलं. ओल्या लोखंडावर मारलेला रंग वाळतो कुठे? माझ्या मोतिया शालूच्या काठाला राणी रंगाची किनार लागली. मी रडवेली झाले. नाना मात्र वाकून निरखून पाहायला लागले आणि खूश होऊन म्हणाले, "शेड बरोबर बठनी." तो शालू अजून कपाटात आहे. जिन्याला दिलेल्या त्यांच्या सगळ्या रंगांत टिकला तो एवढाच, कारण तो कापडावर बसला.

होळीपर्यंत जिन्याच्या अंगावर फोड यायचे. मुलांना त्यांचा फार आनंद, बोटाने दाबले की फटकन फुटायचे आणि आतून तांबूस पाणी यायचं. आषाढ लागला की जिना कात टाकायचा. एकदा एवढा मोठा पोपडा निघाला की आत्यांनी त्यावर शेंगदाणे वाळत घातले. समोरच्या नारळावर कावळ्याने राणी रंगाच्या भिंतींचं घरटं बांधलं, आणि त्याची पिल्लं उडून गेल्यावर तिथे भाडेकरू म्हणून दुसरे कावळे आले. एक हिरवी कपची वाऱ्याने जशुबेनच्या ढोकळ्यावर जाऊन पडली. त्या ताट घेऊन तरातरा आमच्याकडे आल्या. "बेन, आ कोथमीर चावता चावत नाय, केम?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तो आश्विन आला, जो या खर्रर्र आवाजाबरोबर मला दरवर्षी आठवतो.

नाना तोवर निवृत्त झाले होते. पाऊस नुकताच गेला होता, हवा अशी की गूळसुद्धा घाम गाळत होता. आत्या कुरडयांचा रिकामा डबा घेऊन खाली उतरत होत्या. मी अंगणात होते. वरून टकटक चपला येत होत्या आणि मध्येच एक आवाज झाला, कोरडं बिस्किट मोडल्यासारखा. एका पायरीची कड आत गेली, आणि तिच्याबरोबर आत्यांची चप्पल. आत्यांनी कठडा धरला म्हणून त्या उभ्या राहिल्या. डबा मात्र पायऱ्या मोजत खाली आला आणि माझ्या पायाशी गोल गोल फिरत राहिला. आत्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तशाही म्हणाल्या, "डबा चेपना का पाह्य, पोरी."

माझा नवरा सुनील विम्याच्या ऑफिसात आहे. दिवसभर लोकांच्या अपघातांचे कागद वाचतो. त्यामुळे त्याला केळं दिसलं की साल दिसतं, साल दिसलं की त्यावरून घसरलेला माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की त्याचे वारस दिसतात. त्या संध्याकाळी तो जिन्याखाली उभा राहिला. मोडलेल्या कडेतून लाल भुगा पडत होता. त्याने तो चिमटीत धरला आणि वर गेला. मी मागोमाग.

"नाना, हा जिना कापायचा. कोजागिरीनंतरचा चंदी पडवा झाला की वेल्डरला बोलावलंय. तुम्ही दोघं खालच्या खोलीत या."

"आन नवा जिना?"

"नवा कशाला? या वयात चढउतार कशाला? जिनाच नसला की वर जायचा मोहही नको."

नानांनी रेडिओ बंद केला. त्यांनी रेडिओ आपणहून बंद केलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. तो घरघरत का होईना, चालूच असायचा. मग ते उठले आणि कठड्याशी जाऊन धुरांड्यांकडे, म्हणजे टाक्यांकडे, बघत उभे राहिले.

तो जिना कशाचा आहे ते सुनीललाही ठाऊक होतं. नाना कापड रंगवायच्या ज्या जिगर मशीनवर काम शिकले, ते जुनं होऊन भंगारात निघालं, तेव्हा त्याचे जाड अँगल नानांनी मालकाकडून मागून घेतले होते आणि त्यांचाच हा जिना केला होता. लोक मिलमधून घड्याळ घेऊन निवृत्त होतात. नानांनी मशीनच घरी आणून उभं केलं, आणि त्यावरून रोज चढत-उतरत राहिले.

आणि खरं सांगू? माझाही स्वार्थ होता. नानांवर माझं प्रेम आहे, पण ते प्रेम एका मजल्याच्या अंतरावरून फार चांगलं वाढलंय. नाना खालच्या खोलीत आले असते तर स्वयंपाकघराच्या दारासमोर त्यांची खुर्ची आली असती, आणि आमटीत हळद कधी घालायची ते रोज ठरलं असतं. मी दोन्ही हातांनी तो जिना वाचवायला तयार होते. एक हात त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी.

तोड काढली ती आत्यांनी. जेवताना त्या सुनीलला म्हणाल्या, "डॉक्टरला न दाखवता कोणी तिरडी बांधतं का रे? जिन्याचं अंग अजून कोणी पाहिलंय? वर तर नुसते तुझ्या बापाचे कपडे आहेत. ते उतरव, आत काय आहे ते बघ, आणि मग काप."

सुनीलला कागदावर नसलेली तपासणी आवडत नाही, पण आईपुढे त्याचं काही चाललं नाही. पडव्यापर्यंत मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानातून मी खरवडायची पत्री, तारेचा ब्रश, काचपेपर आणि लाल प्रायमरचा डबा आणला. आणि अंगणात बसून एक अशी गोष्ट केली, जी त्या घरात तोवर कोणी केली नव्हती. मी डब्यावरचं वाचलं. रंगमास्तराच्या घरात डबा वाचायचा म्हणजे पुजाऱ्याच्या घरात आरतीचं पुस्तक उघडायचं! मी मोठ्याने वाचलं. सुटलेला रंग, गंज आणि तेलकटपणा काढून टाकावा. पृष्ठभाग पूर्ण कोरडा असावा. पूर्ण हा शब्द मी पुन्हा वाचला, आणखी मोठ्याने, मान वर करून.

वरून उत्तर आलं, "साबनवर बी लिखेल ऱ्हास, गोरी व्हशी. व्हयनी का तू?"

जशुबेनच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. मी डबा खाली ठेवला आणि पत्री उचलली.

तोंडाला ओढणी बांधून आम्ही सगळे खरवडायला लागलो. सुनील ऑफिसातून आला की शर्ट काढून, मी शाळेत शिकवून आले की साडी खोचून, आत्या दुपारभर पायरीवर पोतं टाकून. नाना वरून बघत होते, उतरत नव्हते. आवाज असा की गल्लीतली कुत्री भेस्तानला राहायला गेली. आणि रंग निघायला लागला. आधी पिस्ता, मग मोरपंखी, मग मेंदी, मधे एक जांभळा जो कोणालाच आठवेना. पोपड्याच्या कडेवर अगदी तळापर्यंतचे सगळे थर ओळीने दिसायचे, पाटोड्या कापल्यासारखे. आत्या एकेक उजेडात धरून सांगायच्या. "हा सुनील दहावीला होता तेव्हाचा. हा नणंदबाईंच्या लग्नाचा. हा नानांना कावीळ झाली त्या सालचा, बघ, पिवळाच मारलाय मेल्याने."

राणी रंग लागला तेव्हा माझा हात थांबला. त्या थराला वास होता असं म्हटलं तर तुम्ही हसाल. नव्या रंगाचा, ओल्या लोखंडाचा आणि माझ्या नव्या शालूचा. आजही टर्पेंटाइनचा वास आला की मला लाजायला होतं. बाकीच्या बायकांना मोगऱ्याने होतं, मला टर्पेंटाइनने. नवऱ्याला हे माहीत आहे, पण त्याने कधी त्याचा फायदा घेतला नाही. विमावाला माणूस.

राणीच्या खाली आणखी जुने थर, मग हिरवा निघाला, त्याच्याखाली काळा, आणि त्याच्याखाली एकदाचं लोखंड. करडं, थंड, कोणी हाक मारल्यावर डोळे किलकिले करावेत तसं. ते दिसलं तेव्हा वरची खुर्ची करकरली. नाना जिन्याच्या डोक्याशी येऊन उभे राहिले. मग एकेक पायरी खाली आले, वाकले, आणि उघड्या अँगलवर त्यांनी हात ठेवला. मग त्यांनी माझ्या हातातला काचपेपर काढून घेतला.

पडवा आला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी अख्खी सुरत खव्याची, तुपात थिजवलेली घारी खायला गच्चीवर चढते, तसे आम्हीही चढलो. जिना उघडाबोडका उभा होता. सुनीलने हातोडीने ठोकून पाहिला होता, पण त्याचा स्वतःच्या कानावर विश्वास नव्हता. निकाल सकाळी वेल्डर देणार होता. चंद्र चांगला होता. घारी ताटात होती, सोबत भुसू म्हणजे फरसाणही होतं. कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अर्थात घारीत एवढं तूप असतं की ती उतरायला माणसाची परवानगी मागत नाही. ती आपली वाट आपण काढते. नानांनी आपल्या वाटची अर्धी घारी आत्यांच्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "खा. खाले चंद्र दिसाव नही."

सुनील चटकन उठला आणि उगाच टाकीचा कॉक बघायला गेला.

सकाळी वेल्डर आला. गॅसची टाकी, नळी, कटर, सगळा सरंजाम त्याने अंगणात मांडला. नाना वरच्या पायरीवर बसले होते. म्हणजे कापायचं तर आधी मला उतरवा, असा तो बेत. वेल्डरने हातोडी घेतली आणि खालून सुरुवात केली. टण्ण. पुढची. टण्ण. मी ओढणीचं टोक चावत होते. टण्ण, टण्ण. मोडलेल्या पायरीवर धप्प. तिच्या वरच्या पायरीवर, जिथे गच्चीचं पाणी गळायचं, पुन्हा धप्प. सुनीलने डोळे मिटले. मग वेल्डर उभ्या खांबांकडे वळला. तेच खरं. पायऱ्या म्हणजे बोटं, खांब म्हणजे कणा. त्याने हातोडी मागे नेली आणि पूर्ण ताकदीने हाणली.

असा नाद उठला की शाळेची घंटा समजून माझे पाय आपसूक प्रार्थनेच्या रांगेकडे वळले. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी हात जोडले. तो नाद कठड्यातून वर गेला, नानांच्या बुडाखालून गेला, आणि नाना चक्क थरथरले.

वेल्डरने हातोडी खाली ठेवली. "किसने बोला काटने को? ये तो अंकल से भी मजबूत है. दो पायरी बदल दो, बस."

"अंकल कोनले बोलना रे?" नाना वरून गरजले. त्या गर्जनेत इतका आनंद होता की वेल्डर घाबरायच्या ऐवजी हसला.

सुनील भिंतीला टेकून खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांमधून म्हणाला, "बरं झालं. बरं झालं बुवा." तेव्हा मला कळलं की जिना कापायची भीती त्याला नानांहून जास्त वाटत होती. तो फक्त दुसऱ्या एका भीतीला घाबरून कापायला निघाला होता. आत्या आत गेल्या आणि उरलेली घारी वेल्डरपुढे आणून ठेवली.

पायऱ्या बदलल्या. सगळ्या अंगावरून पुन्हा तारेचा ब्रश फिरला, धूळ पुसली गेली. आता फक्त प्रायमर. पण दुपारी उन्हात लोखंड तव्यासारखं तापलेलं, म्हणून ऊन उतरल्यावर मारू असं ठरलं. आत्यांनी तेवढ्या वेळासाठी घरातल्या सगळ्या बादल्या कुलपात टाकल्या आणि किल्ली कमरेला लावली. तरी नाना तुळशीला घालायला म्हणून एक तांब्या घेऊन जिन्याभोवती घुटमळत होतेच.

"तांब्या ठेवा," आत्या.

"तुळसले घालस."

"तुळस वर शे."

जशुबेन खिडकीतून ओरडल्या, "नाना, आजे पण लोखंडने नवडावशो के?" आज पण आंघोळ घालणार का म्हणून. नानांनी तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

आणि मग आभाळ भरून आलं. गेला गेला म्हणून ज्याला निरोप दिला होता तो पाऊस छत्री विसरल्यासारखा परत आला. मी दुपारची शाळा करून येत होते. वळणावरच टपोरे थेंब सुरू झाले. उघडं लोखंड, एवढं घासलेलं, एवढं वाचवलेलं! मी साडी गुडघ्यापर्यंत धरून धावले. माझ्या मागून येणारी शहर बस मागेच राहिली. हे मात्र खरं आहे, ती सिग्नलला उभी होती.

फाटकाशी आले आणि थांबले.

आत्या घरात नव्हत्या, देवळात गेल्या होत्या. सुनील ऑफिसात. जिन्यावर नाना एकटे. त्यांनी ट्रंकेतून सगळं काढलं होतं. मिलमधले नमुन्याचे तागे, जपून ठेवलेल्या शेडचे तुकडे, कापडावर टाकायचं प्लास्टिक, आपली घोंगडी. पायऱ्या झाकल्या होत्या, खांब गुंडाळले होते, गाठी मारल्या होत्या. प्लास्टिक पुरलं नव्हतं तिथे, म्हणजे नव्या पायरीच्या सांध्यावर, ते स्वतः बसले होते. डोक्यावर छत्री नव्हती. छत्री त्यांनी लोखंडावर धरली होती. पाणी त्यांच्या टकलावरून, नाकावरून, बनियनवरून निथळत होतं, आणि ते एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने लुंगीच्या टोकाने सांधा पुसत होते. पुसायचे, फुंकर मारायचे, पुन्हा पुसायचे. जन्मभर ज्या माणसाने लोखंडाला बादलीने पाणी पाजलं, तो त्याला एक थेंब शिवू देत नव्हता.

त्यांनी मला पाहिलं नाही. मी फाटकाच्या खांबाआड सरकले आणि सर थांबेपर्यंत तिथेच भिजत उभी राहिले. वर पाहिलं तर जशुबेनच्या खिडकीचा पडदा हलला. थोड्या वेळाने मी फाटकाची कडी मुद्दाम मोठ्याने वाजवली. आत गेले तोवर घोंगडी दोरीवर होती, तागे गायब होते, आणि नाना खुर्चीत बसून डोकं पुसत होते.

"पाऊस उना व्हता का?" त्यांनी मलाच विचारलं.

लोखंड हाताला कोरडं लागत होतं. तरी अजून एक कडक दिवस जाऊ दिला, पुन्हा काचपेपर फिरवला आणि प्रायमर मारला. तो लालभडक वाळल्यावर रंग कुठला द्यायचा हा प्रश्न आला. मिल सुटलेली, हंगामाची शेड उरलेली नाही. नाना आत्यांकडे वळले आणि म्हणाले, "तू सांग." एवढ्या वर्षांत त्यांनी आत्यांना पहिल्यांदाच रंग विचारला होता. आत्या गडबडल्या. म्हणाल्या, "कोनता बी दे. मळ दिसाले नको." म्हणून चॉकलेटी. गल्लीतल्या बायका आल्या, पाहिलं, आणि हिरमुसून परत गेल्या. त्या दिवाळीला डिंडोलीत फॅशन संपली.

पुढचा आषाढ आला. मी रोज जिन्याकडे चोरून बघायची. फोड नाही. श्रावण गेला, भाद्रपद गेला. समोरच्या नारळावर कावळ्यांना घर बांधायला सामान मिळेना, त्यांनी नाइलाजाने काटक्या आणल्या. आणि त्यानंतरचे पावसाळेही तसेच गेले.

आज सकाळी उतू गेलेला चहा पुन्हा ठेवून मी बाहेर आले, तेव्हा जशुबेन त्यांच्या फाटकाशी होत्या आणि नाना आमच्या जिन्याच्या पायथ्याशी. दरवर्षी हा प्रश्न त्या विचारतातच.

"नाना, तमारो रंग केम नथी उखडतो? मारा फाटकाला तर दर चोमासे पापडी निघते."

नाना कठड्यावर कोपर टेकून उभे राहिले. मिलमध्ये नवीन पोरांना शिकवायचे तेव्हा असेच उभे राहात असतील.

"सांगू? हे लोक पोथी वाचत बसले. कोरडं करा, कोरडं करा. मी ऐकलं सगळ्यांचं. पण कोणी नसताना हळूच एक बादली पाणी पाजलं त्याला. म्हणून टिकला. रंग असा फुकट बसत नाही, बेन." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इचार हिले. सांग वं, पोरी, पाजं व्हतं का नही?"

जशुबेनने माझ्याकडे पाहिलं, मी जशुबेनकडे. त्यांच्या हातात काचपेपर होता, आणि त्यांचं फाटक कडक उन्हात ठणठणीत कोरडं उभं होतं.

मी आजवर पुष्कळ साक्षी दिल्या आहेत. कावळ्यांच्या भाडेकरूंच्या, उधन्याच्या रिक्षाच्या. पण एवढ्या ठामपणे कधी दिली नव्हती.

"एक नाही, नाना," मी म्हटलं. "चांगल्या दोन बादल्या."

नाना समाधानाने हसले, वळले आणि वर चढायला लागले. टण्ण, टण्ण, टण्ण.